बहुरूप्याचं तिसरं सोंग

आमच्या घरात त्या प्रोग्रामला एम्युलेटर कुणी म्हणत नसे. माझ्या लेकीने, मेघनाने, तो शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा तिचे वडील पायरीवर बसून छत्रीची काडी बांधत होते.

"करतो काय ह्यो?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरला टीव्ही गेमचं सोंग घ्यायला लावतो, आबा. खेळाला वाटतं आपण खऱ्या यंत्रात बसलोय, आन तो चालू होतो."

"म्हंजे बहुरूपी. पोलीस बनून यायचं, दम द्यायचा, आन शेवटी हात पसरायचा."

"हात न्हाय पसरत. फुकट हाय."

"मग पोट कसं भरायचं त्येनं?"

त्या दिवसापासून त्याचं नाव बहुरूपी पडलं. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मेघनाचे वडील आता नाहीत. बहुरूपी आहे, माझ्या नातीच्या फोनमध्ये राहतो. तो दिसला की अजून माझ्या तोंडाची चव जाते.

आम्ही इंदापुरात राहायचो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत होते. मेघनाचे वडील ज्ञानदेव पाटबंधारे खात्यात कारकून होते. थोरला विकी नोकरीसाठी पुण्याला गेलेला. मेघना पुण्यातून बी.एस्सी. करून परत आली आणि रोज सकाळच्या एस.टी.ने बारामतीला जाऊन बापूसाहेबांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागली. क्लासने जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा त्यातला एक तिने घरी आणला. विकीच्या अभ्यासाच्या टेबलावर तो बसवला आणि वर माझ्या जुन्या साडीचं पांघरूण शिवून घातलं.

क्लासमध्ये तिच्याबरोबर शंभूराज शिकवायचा. पणदऱ्याचा. घरचा ऊस, घरच्या म्हशी, पण ह्याला मातीत हात घालायचा कंटाळा. बोलका मुलगा. मेघनाला मोटारसायकलवरून सोडायला म्हणून यायचा आणि जेवून जायचा. पहिल्यांदा तो आमच्याकडे पानावर बसला तेव्हा मी त्याच्या हाताकडे बघत होते. त्याने तांब्या उचलला, पाणी प्यायला, खाली ठेवला, मग मी भाकरी वाढली. पुढे तो इतका सरावला की स्वतःच पातेल्यात डोकवायचा.

"काकू, भिगवणची चिलापी मासळी तुमच्या हातची खाल्ली की वाटतं, उजनीचं धरण बांधलं ते बरं केलं."

"ज्यांची गावं पाण्यात गेली त्यास्नी जाऊन सांग," हे म्हणायचे. "तेबी खूश हुतील."

शंभूराज हसायचा. कुणी कितीही टोचलं तरी तो हसायचा. तेव्हा मला तो त्याचा गुण वाटायचा.

मेघना आणि शंभूराज दोघंही क्लासमध्ये कच्चेच होते. कधीही उद्यापासून येऊ नका म्हटलं तरी चाललं असतं. त्या वर्षी बापूसाहेबांनी नवी लॅब बांधायला घेतली. तिच्यावर एक माणूस कायमचा नेमायचा होता, आणि तो ह्या दोघांतलाच एक असणार होता. बापूसाहेब रोखठोक. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "मला सर्टिफिकिटं दाखवू नका. ती छापणारा माझ्या ओळखीचा आहे. बाहेरच्या जगात तुमचं काम कुणी मान्य केलंय का, ते दिवाळीनंतर मला दाखवा."

मेघनाने मनाशी ठरवलं की आपण बहुरूपी दाखवायचा. तो लिहिला होता कॅनडातल्या एका विद्यार्थ्याने. त्याने सगळा प्रोग्राम इंटरनेटवर उघडा ठेवला होता. कुणीही वाचावा, चूक सापडली तर दुरुस्त करून त्याला पाठवावी. दुरुस्ती पटली तर पुढच्या आवृत्तीत जायची आणि पाठवणाऱ्याचं नाव आभारात छापलं जायचं. तिला ते नाव हवं होतं. नोकरीसाठी हवं होतं हे खरंच. पण नोकरीची गोष्ट निघाली नव्हती तेव्हापासून ती त्या आभारांचं पान उघडून बघत बसायची, तेही मी पाहिलेलं आहे. "कुठकुठली माणसं हायेत बघ आई," म्हणायची. "फिनलंड. ब्राझील." जणू पंगतीला कोण कोण बसलंय ते दारातून बघावं, तसं.

दुरुस्ती कुठली करायची ते क्लासच्या पोरांनी सांगितलं. सुट्टीतल्या बॅचला शेवटी थोडा वेळ ती बहुरूप्यावर खेळू द्यायची. त्यात एक खेळ होता, हातात कंदील घेतलेला बुटका माणूस गुहेत उतरत जातो, पूल ओलांडतो, धबधब्यामागून पलीकडे जातो. आमच्या भागात पोरं त्याला कंदीलवाला म्हणायची. कॉम्प्युटरवर तो लागला की पोरं कुरकुरायला लागली. "मॅडम, ह्यो खोटा हाय. असा न्हाय पळत त्यो."

मेघनाला वाटलं, पोरांना हरायचं निमित्त पाहिजे. घरी येऊन तिने गंमत म्हणून मला सांगितलं आणि खेळ लावून दाखवला. मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं, "हा घाईत आहे."

"तुला गं काय कळतंय?"

मला कळणार नाही तर कुणाला? विकी शाळेत असताना त्याच्या मामाने मुंबईहून टीव्ही गेम आणला होता. चार वर्षं तो कंदीलवाला आमच्या टीव्हीवर गुहेत उतरत होता आणि त्याच खोलीत मी सहामाहीचे पेपर तपासत होते. ते गाणं माझ्या कानात शिरून बसलं होतं. मी तिला गुणगुणून दाखवलं. मेघनाने काहीतरी बदललं आणि पुन्हा लावलं. आता चाल बरोबर होती, पण सूर खाली गेलेला.

"आता त्याचा घसा बसलाय," मी म्हटलं.

ती खुर्चीत वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग कपाटावरून विकीचं यंत्र काढलं, धूळ झटकली, कॅसेटच्या तोंडात फुंकर मारली आणि टीव्हीला जोडलं.

झालं होतं असं. बहुरूप्याला दोन सोंगं येत होती, एक अमेरिकन आणि एक युरोपियन. अमेरिकेत पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं, युरोपात आणि आपल्याकडे पन्नास वेळा. खेळातलं गाणं प्रत्येक चित्रागणिक एक पाऊल पुढं सरकतं, म्हणून तिकडे त्याची सहा पावलं होतात तेवढ्यात इकडे पाच. गाण्याचा सूर मात्र आतल्या यंत्राच्या वेगावर ठरतो. युरोपसाठी कंपनीने यंत्रच जरा धिमं केलं होतं, म्हणून सूर खाली. आणि आपल्याकडे जे यंत्र मिळायचं ते कंपनीचं नव्हतंच. नक्कल होती. नक्कल करणाऱ्याने यंत्राचा वेग अमेरिकेसारखा ठेवला आणि चित्र आपल्या टीव्हीला चालावं म्हणून प्रत्येक चित्रानंतर थोडी विश्रांती घालून दिली. सूर तिथला, चाल इथली. बारामतीच्या, इंदापूरच्या, भिगवणच्या पोरांनी तेवढाच कंदीलवाला पाहिलेला. त्यांच्यासाठी तोच खरा.

बहुरूप्याला हे तिसरं सोंग शिकवायचं मेघनाने ठरवलं.

पुढचे किती रविवार गेले मी मोजले नाहीत. एका बाजूला टीव्ही, एका बाजूला कॉम्प्युटर. टीव्हीवरच्या यंत्राचा रिमोट माझ्या हातात, कारण दोन्हीकडे एकदम खेळायला तिला हात पुरेनात. मी बावन्न वर्षांची बाई, चष्मा नाकावर, पदर खोचून गुहेत उतरायची. शेजारच्या तानूबाई हळदीकुंकवाचं बोलावणं आमच्याकडे कधी आणत नसत, पण हे बघायला दारात येऊन उभ्या राहायच्या. "मास्तरीणबाई, शाळेत सांगू का पोरांना?" मी म्हणायचे, "सांगा. आणि पुलावरची पहिली फळी कच्ची आहे तेही सांगा."

मेघना "हं" म्हणाली की दोघी एकदम बटण दाबायचो. मी गाण्यावर टाळी धरायची. ती कॉम्प्युटरचा आवाज ऐकायची. जिथे टाळी सुटायची तिथे थांबून ती प्रोग्राम उघडायची. तिच्या मागे उभी राहून मला त्यातलं थोडंफार दिसू लागलं. प्रोग्रामात आकडे ठेवायला डबे असतात आणि प्रत्येक डब्याला नाव द्यावं लागतं. दोन चित्रांमधल्या विश्रांतीचा आकडा ज्या डब्यात होता त्याला तिने नाव दिलं, शालन. माझं.

"दुसरं काही सुचलं नाही का?"

"विश्रांतीला तुझं नाव, हाच विनोद हाय, आई."

एका रविवारी दोन्हीकडून गाणं लागलं आणि टाळी सुटली नाही. पुलावर बहुरूपी नेहमी अडखळायचा, चित्र फाटायचं. तिथूनही कंदीलवाला सुखरूप गेला. दोन्हीकडे धबधबा कोसळायला लागला. हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, "दोनातलं एक बंद करा की!" मेघनाने एक बंद केलं. आवाज येतच राहिला. "कुठलं चाललंय आता? टीव्ही का कॉम्प्युटर?" तिने विचारलं. ह्यांनी अंदाज केला. चुकला.

मेघना नाचली होती त्या दिवशी. चोवीस वर्षांची पोर, शाळेतल्या मुलीसारखी. तिला तसं पाहिलेलं मला नंतर आठवत नाही.

आता कॅनडाला ईमेल लिहायची होती. शंभूराज त्या संध्याकाळी घरी आला होता. त्याने सगळं ऐकलं, बघितलं, मनापासून वा वा केलं. मग म्हणाला, "मेघना, ते नकलेचं काढू नको. लिही की युरोपियन यंत्राचाच एक प्रकार आहे, काही देशांत विकला जातो. कोण बघायला येतंय इंदापुरात?"

"पण तसं न्हाय ना ते."

"अगं, प्रोग्राम तोच. आकडे तेच. एक शब्द इकडचा तिकडं."

मलाही ते पटलं होतं. आजही पटतं. मी म्हटलं, "बरोबर बोलतोय तो. त्यांनी विचारलं का तुझं यंत्र कुठलं म्हणून? न विचारता कशाला सांगायचं?"

हे आत आले आणि चौकटीला टेकून उभे राहिले.

इथे मला ह्यांचं थोडं सांगायला हवं. छप्पन सालानंतर ह्यांच्या गावात दीक्षा झाली तेव्हा हे चौदा वर्षांचे होते. पुढे रेल्वेत भरती निघाली. केंद्राच्या नोकरीत बौद्धांना तेव्हा सवलत नव्हती. ती मिळायला नव्वद साल उजाडलं. पुष्कळांनी घरात बुद्धाची तसबीर लावली आणि कागदावर जुनी जात ठेवली. पोटासाठी ठेवली, त्यांना कोण हसणार. ह्यांनी अर्जावर बौद्ध लिहिलं. शेजारी बसलेल्या मित्राने जुनी जात लिहिली. मित्र रेल्वेत लागला, क्वार्टर मिळालं. हे कालव्यावर रोजंदारीला लागले आणि पंधरा वर्षांनी कारकून झाले. ह्याचं त्यांना दुःख नव्हतं. अभिमान होता, आणि त्या अभिमानावर आमचं घर चालायचं. कुणी आडनाव विचारलं तर पूर्ण सांगायचं, गाव विचारलं तर गावातली वस्तीसुद्धा सांगायची. विचारलं नाही तरी सांगायचं. मुलांना त्यांनी चालायला शिकवलं तसंच हे शिकवलं होतं.

"यंत्र कुठलं हाय?" त्यांनी विचारलं.

"नक्कल हाय, आबा."

"मग नक्कल लिही. आपलं जे हाय ते हाय. तोंड लपवून आत शिरलं की आयुष्यभर तोंड लपवूनच बसावं लागतं."

"ज्ञानदेवकाका, ही काय जनगणना आहे का?" शंभूराज हसत म्हणाला.

"व्हय. समद्या ठिकाणी तीच असती. तुला मोजत न्हाईत म्हणून तुला दिसत न्हाय."

शंभूराज तेव्हाही हसला.

मेघनाने खरं लिहिलं. मला मराठीत वाचून दाखवलं होतं: आमच्याकडे कंपनीचं यंत्र कुणी पाहिलेलं नाही. आमच्या मुलांना त्याची नक्कल मिळाली आणि ती त्यावरच खेळली. ती नक्कल अशी चालते. तिच्यासाठी मी तिसरा पर्याय लिहिला आहे. खाली पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा. ह्यांनी पाठ थोपटली.

उत्तर यायला आठवडाही लागला नाही. असं कुठलं यंत्र अस्तित्वात नाही. तुम्ही म्हणता तो चोरीचा माल आहे. आमचं काम खऱ्या यंत्रांपुरतं आहे. चोरीच्या मालाशी नाव जोडलं गेलं तर मला हे बंद करावं लागेल. कृपया पुन्हा पाठवू नये.

"त्येच्याकडं तरी कॅसेटी विकत घेतलेल्या होत्या का?" ह्यांनी विचारलं.

"न्हाय," मेघना म्हणाली. "समदे खेळ कॉपी केलेलेच असत्यात."

"म्हंजे बहुरूप्यानं बहुरूप्याला दारातनं हाकललं."

मेघनाने इस्त्री काढली आणि घरातले सगळे कपडे इस्त्री केले, माझी पोलकीसुद्धा, जी मी कधी इस्त्री करत नाही.

मी भांडले. दुसऱ्या दिवशी ती धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली तेव्हा मी ह्यांना गाठलं. "खरं लिहून तुमची रेल्वे गेली. तुमची होती, तुम्ही घालवली. हिची का घालवली?"

"शालन," ते म्हणाले. ते मला नावाने हाक मारत नसत.

दिवाळीच्या तोंडावर बहुरूप्याची नवी आवृत्ती आली. मेघनाने ती क्लासमध्ये उतरवून घेतली आणि फ्लॉपीवर घरी आणली. तिने प्रोग्राम उघडला, खाली सरकवत नेला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"हे बघ आई. तू."

शालन. इंग्रजी अक्षरांत. ईमेल पाठवण्यासाठी तिने क्लासच्या कॉम्प्युटरवर नेलेली तिची ओळन् ओळ तिथे होती. वर एक वाक्य होतं: युरोपियन यंत्राचा विशेष प्रकार, काही देशांत विकला गेलेला. आभाराच्या पानावर शंभूराजचं नाव होतं. डब्यांची नावं त्याने बदलली नव्हती. बदलली तर काय मोडेल हे त्याला कळत नव्हतं. फिनलंड आणि ब्राझीलच्या पंगतीत मी बसले होते, तो बसला होता. मेघना नव्हती.

शंभूराजने दुरुस्ती घेतल्याची कॅनडाची ईमेल बापूसाहेबांना दाखवली. त्यांनी शंभूराजला कायम केलं. मेघनाने तिची ईमेल उत्तरासकट दाखवली, तारीख आधीची होती. बापूसाहेबांनी ती नीट वाचली, असं ती सांगायची. मग म्हणाले, "पण पोरी, ह्यात तर त्यांनी नाही म्हटलंय." माणूस वाईट नव्हता. त्यांनी जे मागितलं होतं तेच त्यांनी बघितलं.

दिवाळीनंतर शंभूराज पेढे घेऊन आला. दुपारची वेळ होती. हे घरी होते. मला वाटलं होतं, हा आता पुन्हा ह्या दारात यायचा नाही. आला. पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला आणि खिशातून फ्लॉपी काढली.

"मेघना, रागवू नको. तुझं काम वाया गेलं असतं. ते वाचावं म्हणून मी पाठवलं."

"वाचलं की," मेघना म्हणाली. "मग आता काय?"

मग त्याने खरं कारण सांगितलं. तिसऱ्या सोंगात एक चूक निघाली होती. खेळ मध्येच साठवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उघडला की सोंग गळून पडायचं, आणि कंदीलवाला अमेरिकन वेगाने पळत सुटायचा. रशियातून, इजिप्तमधून लोकांच्या तक्रारी येत होत्या. तक्रारीआधी ते सगळे लिहीत होते की आमच्याकडचं यंत्र अगदी असंच होतं, आम्हाला वाटायचं आमच्याच कानात दोष आहे. कॅनडावाल्याने शंभूराजला कळवलं होतं, महिन्याअखेर दुरुस्त कर, नाहीतर हा पर्याय काढून टाकतो.

"मी बघितलं," शंभूराज म्हणाला. "मला न्हाय जमत."

हे खुर्चीतून उठले. "तिचं नाव घाल. मग करंल ती."

"काका, नाव घालायला माझी ना नाही. देवाशपथ. पण तो विचारणार, ही कोण? मग त्याला पहिली ईमेल आठवणार. नकलेवाली ती हीच, म्हणजे हे तेच चोरीचं यंत्र, हे त्याला कळणार. तो सगळंच काढून टाकेल." त्याने पहिल्यांदाच न हसता सांगितलं. "तुमीच तसं लिहायला लावलंत."

हे पुन्हा खुर्चीत बसले. इतके दिवस मी हेच तर म्हणत होते. पण त्याच्या तोंडून ऐकताना मला त्या पेढ्यांसकट त्याला बाहेर काढावंसं वाटलं.

"दे इकडं," मेघना म्हणाली.

"मेघना!" हे ओरडले.

"आबा, चूक माझी हाय. साठवताना सोंग कुठलं ते मी लिहूनच ठेवलं न्हाय. नाव कुणाचंबी असू द्या, चूक माझीच हाय ना? ती तशीच ठेवू?"

तिने कॉम्प्युटरवरचं साडीचं पांघरूण काढलं. शंभूराज उभाच राहिला, मी त्याला बस म्हटलं नाही. ती एकदाही न थांबता लिहीत गेली. मग कंदीलवाला लावला, पुलावर नेऊन साठवला, बंद केला, पुन्हा उघडला. सोंग टिकलं होतं. सूर तिथला, चाल इथली. तिने फ्लॉपी काढून त्याच्या हातात दिली.

"आता पुन्हा येऊ नको," ती म्हणाली. "काही निघालं तर तुझं तू निस्तर."

"थँक्यू," शंभूराज म्हणाला, आणि दारात घुटमळून, "काकू, येतो."

त्याला वाटलं असेल, काकू काहीतरी म्हणतील. मी पेढ्यांचा पुडा त्याच्या गाडीच्या हँडलला अडकवून आले.

हे त्या दिवसापासून मेघनाशी काही महिने नीट बोलले नाहीत. त्यांना तिचा राग नव्हता. शंभूराजचं "तुमीच तसं लिहायला लावलंत" त्यांना काट्यासारखं रुतलं होतं. मी ते ओढून काढू शकले असते, "तुमचं बरोबर होतं" असं म्हणून. पण मला ते पटत नव्हतं. आणि आमच्या घरात न पटलेलं बोलायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं.

मेघनाने क्लास सोडला, बी.एड. केलं, कऱ्हाटीला शाळेत लागली. गणितच शिकवते. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या टीव्हीचा फाटका स्पीकर म्हस्कू टीव्हीवाल्याने बदलून दिला. मेघनाने विकीचं यंत्र सहज म्हणून जोडलं आणि धबधब्यापाशी थबकली. नव्या स्पीकरमधून यंत्राचा धबधबा बारीक, सळसळता येत होता. बहुरूप्यातला जाड होता. आधी फाटक्या स्पीकरने यंत्राचाही तसाच जाड केला होता, म्हणून त्या रविवारी कुणालाच कळलं नव्हतं. पाण्याच्या आवाजाचे आकडे तिने चुकून युरोपियन कोष्टकातून घेतले होते. एका ओळीचं काम. तिने यंत्र बंद करून कपाटावर ठेवलं.

आता बहुरूप्याला दुसरीच माणसं सांभाळतात. शंभूराज त्यात नाही. पणदऱ्याला त्याचा दुधाचा धंदा चांगला चाललाय म्हणे. नकलेची आता कुणाला लाज वाटत नाही. तिसऱ्या सोंगाला कुठल्याशा दुसऱ्या देशात विकल्या गेलेल्या नकलेचं नाव दिलंय, उघड, मोठ्या अक्षरांत. कुणीतरी साफसफाई करताना डब्यांची नावंही बदलली. आता शालनही तिथे नाही.

गेल्या महिन्यात नात अंजली माझ्या पलंगावर पडून फोनवर कंदीलवाला खेळत होती. मेघना खाली बसून पेपर तपासत होती. गाणं लागलं. चाल बरोबर, सूर बरोबर. माझी बोटं गुडघ्यावर आपोआप टाळी धरायला लागली. कंदीलवाला पूल ओलांडून गेला.

"धबधबा अजून तसाच हाय," मेघना म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

"मग कळव ना त्यांना," मी म्हटलं. "आता काय, फोनवरून जातं पत्र. एका ओळीचं तर काम."

तिने पेपर उलटला.

"कुणाच्या नावानं, आई?"

हे असते तर लगेच म्हणाले असते, तुझ्या. आणि मी त्यांच्याशी पुन्हा भांडले असते.